तीन गाड्या, एक लिंबू

आर्णीच्या बसस्थानकासमोर ज्यांनी कधी काळी-पिवळी जीपची वाट पाहिली आहे, त्यांना डोमाजी मुनेश्वर ठाऊक असतात. आर्णी ते यवतमाळ या एकाच रस्त्यावर त्यांनी तीस वर्षं जीप चालवली. मागचं दार लागेनासं झालं की गाडी भरली, असा त्यांचा नियम होता. परीक्षेची पोरं, कोर्टाच्या तारखेची माणसं, दिवस भरलेल्या बाया, कोंबड्यांची टोपली घेऊन बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्या, सगळ्यांना त्यांनी वेळेत पोचवलं. दर अशोक विजयादशमीला ते आपली वस्ती जीपमध्ये घालून नागपूरला दीक्षाभूमीवर न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचे. वस्तीतलं जवळजवळ प्रत्येक माणूस त्यांच्या जीपमधून नागपूर पाहून आलं.

राहिली ती फक्त त्यांची बायको.

रुखमाबाईंना गाडी लागते. थोडीथोडकी नाही. लग्न होऊन बोरी अरबहून त्या ट्रकमधून आर्णीला आल्या, तेव्हा वाटेत इतक्या वेळा ट्रक थांबवावा लागला की नवरीला काही दुखणं तर नाही ना, असं सासूने त्या उतरल्या उतरल्या विचारलं होतं. पुढे सगळे उपाय झाले. आल्याचा तुकडा झाला, गोळ्या झाल्या, पोटावर पेपरची घडी बांधून झाली. रिकाम्या पोटी बसवून झालं, भरल्या पोटी बसवून झालं. डोमाजी दर वेळी त्यांना आपल्या मागच्या सीटवर, खिडकीशी बसवत, कारण तिथे गचके सगळ्यांत कमी बसतात. पदराच्या टोकाला लिंबू बांधून रुखमाबाई निघत, आणि जवळा गाव आलं की त्यांचा हात डोमाजींच्या खांद्यावर पडे. त्याचा अर्थ, गाडी बाजूला घ्या.

वस्तीतल्या बायांना हा विषय कधी जुना झाला नाही. "ड्रायव्हरची बायको, अन् जवळ्याच्या पुढचं जग नाई पाह्यलं तिनं," असं हंसाबाई नळावर म्हणे.

"माहा नवरा पाहून येते ना बाप्पा," रुखमाबाई म्हणत. "घरात एकानं पाह्यलं म्हणजे झालं."

चेष्टा त्या चेष्टेवारी नेत. नागपूरचं मात्र तसं नव्हतं. त्यांचे वडील छप्पन साली बोरी अरबहून पायी यवतमाळला, तिथून मिळेल त्या वाहनाने धामणगावला आणि पुढे रेल्वेने नागपूरला दीक्षा घ्यायला गेले होते. त्या दिवसाबद्दल ते फार बोलत नसत. एवढंच सांगत की गर्दीत चपला हरवल्या, आणि आपण अनवाणी आहोत हे परतीच्या वाटेवर यवतमाळ येईपर्यंत त्यांच्या लक्षातच आलं नाही. ती जागा आपल्या डोळ्यांनी एकदा पाहावी, ही रुखमाबाईंची लहानपणापासूनची इच्छा. दुसरी कुठली त्यांनी बोलून दाखवल्याचं डोमाजींना आठवत नाही.

गंमत म्हणजे मोटरसायकलवर त्यांना काही होत नसे. डोमाजींच्या मागे बसून त्या माहेरी कितीदा जाऊन आल्या. एकदा मोटरसायकलवरूनच नागपूर गाठायचं ठरलं. यवतमाळपर्यंत गेलेही, पण तिथे उतरल्यावर रुखमाबाईंना पाठ सरळ करता येईना, म्हणून चहा पिऊन परत फिरले. आता गुडघे आणि कंबर तेवढंही करू देत नाहीत. यवतमाळला मोठी रेल्वे येणार, हे दोघं कित्येक वर्षं ऐकत आहेत.

मागच्या पावसाळ्यात त्यांच्या मुलाने, धम्मदीपने, गाडी घ्यायचं काढलं.

धम्मदीप सॉफ्टवेअर कंपनीत आहे. पुण्याहून बदली घेऊन तो नागपूरला आला, तिथे फ्लॅट घेतला. बायको वैष्णवी तिथेच बँकेत आहे. रुखमाबाईंनी तो फ्लॅट फक्त मोबाइलवर पाहिला होता. वैष्णवी फोन हातात धरून एकेका खोलीतून फिरली, तेव्हा "गॅसच्या मागं पुसत जाय व पोरी," एवढी एक सूचना त्यांनी केली होती. बापाच्या जीपच्या बॉनेटवर बसून अभ्यास केलेल्या या मुलाला शौक एकच, गाड्यांचा. त्याला लक्झरी कंपनीची गाडी हवी होती. त्यातली पहिल्या पायरीची, चार दारांची, पण पळणारी. अशा गाडीला स्पोर्ट्स सेडान म्हणतात. नवी परवडत नव्हती, म्हणून वापरलेली. त्याचा कॉलेजातला मित्र अंकुर नागपुरात अशाच वापरलेल्या महागड्या गाड्या विकतो. त्याने तीन बाजूला काढल्या. एक पांढरी, एक निळी, एक राखाडी.

"एकेका रविवारी एकेक घरी घेऊन जा," अंकुर म्हणाला. "काकांना दाखव. पस्तावण्याआधी पाहून घेतलेलं बरं."

धम्मदीप तिन्ही गाड्या तीन गोष्टींवर तोलणार होता. पळते कशी, पडते कितीला आणि दगा किती देते. डोमाजींनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चौथी गोष्ट धर. तुह्या आईले लागते का नाई."

"बाबा, असं कोणत्याच गाडीच्या माहितीत लिहिलेलं नसते."

"म्हणून त पाह्यचं म्हणतो."

त्यांचा विचार साधा होता. जीपला पाट्यांचं सस्पेन्शन, म्हणून गचके. आणि गचक्यांनी बायकोला गाडी लागते, अशी त्यांची तीस वर्षांची खात्री होती. एवढ्या किमतीच्या गाडीत गचका बसणारच नाही. म्हणजे यंदाच्या विजयादशमीला रुखमाबाई नागपूर पाहणार. विजयादशमी दीड-दोन महिन्यांवर होती.

पहिल्या रविवारी पांढरी आली. वस्तीच्या तोंडाशी उभी राहिली तशी निम्मी वस्ती बाहेर आली. डोमाजींची जुनी जीप विकत घेऊन त्याच रस्त्यावर चालवणारा गोविंदा गाडीभोवती एक चक्कर मारून आला.

"भाऊ, ह्याच्यात किती माणसं बसतीन?"

"चार. लय झालं त पाच."

"पाचच? मंग धंदा कसा होईन?"

पांढरी तिघींत सगळ्यांत महाग. नवीच्या किमतीत आर्णीत दोन मजल्यांचं घर झालं असतं. तीन वर्षं वापरलेली म्हणून एका मजल्यावर भागत होतं. इंजिन दोन लिटरचं, टर्बोचं. पळायला चांगली, पण तिची खरी मोठाई मागच्या सीटवर होती: ऐसपैस जागा, मागच्यांसाठी वेगळा एसी. उणी बाजू धम्मदीपने स्वतःच सांगितली. तिच्यात दिवा लावण्यापासून काच खाली करण्यापर्यंत सगळं इलेक्ट्रॉनिक. काही बिघडलं तर नागपूर गाठायचं, आणि वॉरंटी संपली की एकेका पार्टचं बिल ऐकून माणूस खाली बसतो. डोमाजींनी दार उघडून परत लावून पाहिलं. जड, भरीव आवाज झाला.

"पैसे ह्या आवाजाचेच घेते वाटते," ते म्हणाले.

रुखमाबाईंना मागे खिडकीशी बसवलं. धम्मदीप चालवायला, डोमाजी त्याच्या शेजारी. गाडी खरोखर मऊ होती. पुलाचा सांधा यायचा आणि गाडी पाळण्यासारखी हलून पुढे जायची. काचा काळ्या, बाहेरचा आवाज नाही, एसीचा गार वारा. डोमाजी खुशीत मागे वळले.

"पाह्यलं? गचकाच नाई."

रुखमाबाईंनी डोळे मिटून घेतले होते. जवळा अजून यायचं होतं, आणि त्यांचा हात पुढे येऊन डोमाजींच्या खांद्यावर पडला.

कपाशीच्या शेताच्या बांधाशी डोमाजी पाण्याची बाटली घेऊन त्यांच्या शेजारी उभे राहिले. बायकोच्या कपाळावरचे केस त्यांनी मागे केले; या कामाची त्यांना सवय होती. तोंड धुऊन झाल्यावर रुखमाबाई म्हणाल्या, "गाडी चांगली आहे. माहं पोटच गरीब आहे." मग पोराचा चेहरा पाहून म्हणाल्या, "तू घे बाबू. मी काय रोज बसनार हाव?"

दुसऱ्या रविवारी निळी आली. ती धम्मदीपच्या मनात भरलेली आहे हे त्याने सांगायच्या आधीच डोमाजींना कळलं, कारण तिच्याबद्दल बोलताना तो आवाज खाली आणत होता. तिची ताकद मागच्या चाकांना होती आणि तिघींत सगळ्यांत जास्त पळणारी तीच होती. किंमत पांढरीहून कमी, पण ती का कमी हे टायरांकडे पाहून कळत होतं; आधीच्या मालकाने तिला मन भरेपर्यंत पळवली होती. डोमाजींनी डिकी उघडली, खालचा गालिचा उचलला आणि ते तसेच वाकून राहिले.

"स्टेपनी कुठं आहे?"

"नाही बाबा. ह्याचे टायर पंक्चर झाल्यावरही चालतात."

"किती?"

"सत्तर-ऐंशी किलोमीटर. हळूहळू."

"अन् त्याच्यापुढं?"

"त्याच्यापुढं फोन करायचा."

"कोनाले?"

"कंपनीले."

"कंपनी हिवरीच्या जंगलात येईन?"

धम्मदीप हसला. डोमाजी हसले नाहीत. त्यांच्या लेखी स्टेपनी नसलेली गाडी ही अर्धी गाडी.

बसस्थानकाजवळच्या गतिरोधकावर निळीचं पोट घासलं. तो आवाज ऐकून पानठेल्यावरची माणसं उभी राहिली. धम्मदीपने दात आवळले. गावाबाहेर मोकळा रस्ता मिळाल्यावर त्याने एकदाच पाय दाबला. डोमाजींची पाठ सीटला चिकटली, आणि त्यांना मजा वाटली. साठी उलटलेल्या माणसाला असं पुढे ढकलणारं फार काही उरलेलं नसतं. पण मागून आवाज आला, "थांबव."

या वेळी रुखमाबाई खाली उतरल्या त्या परत बसायला तयार होईनात. "मी पायी येते," त्या म्हणाल्या. तेवढ्यात मागून मोटरसायकल आली. निळी किती पळते ते पाहायला म्हणून गोविंदा मागे मागे निघाला होता.

"काकू, बसा," तो म्हणाला. "माही गाडी पोटात नाई, पाठीत लागते."

रुखमाबाई त्याच्या मागे बसल्या. निळी हळूहळू त्यांच्या मागून चालली. पुढच्या काचेतून डोमाजी बघत होते. आत्ता पांढरीफटक पडलेली ही बाई गोविंदाच्या खांद्यावरून मान पुढे काढून काहीतरी दाखवत होती, हात लांब करून बोलत होती, हसत होती. घरी पोचल्यावर त्यांनी पहिली बातमी दिली ती सोयाबीनची. "शंकरसिंगच्या वावरात पार पिवळी पडून राह्यली."

"तुले आता काही होऊन नाई राह्यलं?" डोमाजींनी विचारलं.

"नाई."

"मोटरसायकलवर गचके नाई बसत?"

"बसते ना. पण दिसते बी ना."

संध्याकाळी डोमाजी पानठेल्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या मोटरसायकली बघत राहिले.

राखाडी आली ती दोन आठवड्यांनी. धम्मदीपचं मन आता या सगळ्यातून उठलं होतं. वैष्णवी पांढरीकडे होती, तो निळीकडे, आणि आईचा प्रश्न सुटत नव्हता. राखाडी त्याने आणायची म्हणून आणली. तिघींत सगळ्यांत जुनी, सगळ्यांत स्वस्त. डिझेल इंजिन; शंभराचा काटा गाठायला निळीहून वेळ घेणारं, पण एकदा धरलेला वेग न सोडणारं. आधीचे मालक अमरावतीचे डॉक्टर. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी केलेलं. अंकुर म्हणाला होता की या इंजिनाची तक्रार घेऊन त्याच्याकडे कोणी परत आलेलं नाही, आणि गाड्या विकणारा माणूस असं सहसा एकाच गाडीबद्दल म्हणतो. सस्पेन्शन कडक. छत मागे उतरत गेलेलं, पोक काढल्यासारखं. डिकीत स्टेपनी होती, पातळशी. डोमाजींनी ती अंगठ्याने दाबून पाहिली.

"सायकलीची दिसते," ते म्हणाले. "पण आहे."

रुखमाबाई मागे बसायला गेल्या. उतरत्या छताला डोकं लागलं. वाकून आत शिरल्या तर गुडघे पुढच्या सीटला टेकले. त्या परत बाहेर आल्या आणि हसायला लागल्या. "ही गाडी मले घेतच नाई व."

धम्मदीपने किल्लीसाठी खिशात हात घातला. गाडी परत न्यायची एवढंच आता त्याला सुचत होतं. डोमाजी दोन पावलं पुढे झाले आणि त्यांनी पुढचं दार उघडलं.

"समोर बस."

"समोर? समोर तुमी बसता."

"मी चालवतो. धम्मा मागं बसंन."

जीपची पुढची सीट ही साधी जागा नव्हती. मास्तर, तलाठी, ग्रामसेवक, मोठ्या घरची वडील माणसं, ही सगळी तिथे बसत. डोमाजींचे वडील अशा घरांच्या बैलगाडीमागून पायी चालले होते. डोमाजींच्या काळात त्याच घरांतली माणसं जीपजवळ येऊन विचारत, "डोमाजी, पुढं जागा आहे का?" आणि आहे की नाही ते डोमाजी ठरवत. हे सुख लहान नव्हतं. त्या सीटवर आपल्याच बायकोला बसवलं तर ड्रायव्हरने घरचं माणूस पुढे घेतलं असं लोक म्हणतील, म्हणून त्यांनी तिला कधी तिथे बसवलं नाही. रुखमाबाईंनी कधी मागितलीही नाही. आणि गाडी लागणाऱ्याला मागे, खिडकीशी, डोळे मिटून बसवायचं, हे त्या वेळी कोणीही सांगितलं असतं.

रुखमाबाई पुढे बसल्या. पट्टा डोमाजींनी लावून दिला. धम्मदीप मागे घडी होऊन बसला.

डोमाजी चालवतात ते मागच्या पायरीवर कोणीतरी लटकलेलं आहे असं समजून. ब्रेक आधीपासून, हलका. वेग धरायचा तोही मागच्याला न कळता. तीच सवय त्यांनी राखाडीला लावली. पुलाचे सांधे तिच्यात कळत होते. एक टक आवाज व्हायचा आणि संपायचा. पाळण्यासारखं हलणं नाही. रुखमाबाईंनी लिंबू मुठीत घट्ट धरलं होतं. समोरची मोठी काच, समोर रस्ता, दोन्ही बाजूंनी तूर आणि कपाशी. त्या पापणी न लवता पाहत होत्या. डोमाजींनी मुद्दाम तिकडे पाहिलं नाही.

"हे कोन्तं गाव?" बऱ्याच वेळाने रुखमाबाईंनी विचारलं.

"हिवरी."

"हिवरी? मंग जवळा?"

"जवळा गेलं."

"मले काहून सांगतलं नाई?"

"सांगतलं असतं त तुले आठवलं असतं."

यवतमाळला त्यांनी बसस्थानकाजवळ चहा घेतला. रुखमाबाईंनी वर एक आलूबोंडा खाल्ला आणि परतीच्या वाटेवरही तो पोटात राहिला. धम्मदीपने तिथूनच वैष्णवीला फोन लावला. "राखाडी पक्की," तो म्हणाला.

डोमाजींना मात्र चैन पडेना. सोमवारी सकाळी ते गोविंदाकडे गेले आणि जीपची किल्ली मागून आणली. रुखमाबाई भाकरी थापत होत्या.

"आता हे कायले?"

"पाह्यचं आहे."

हात धुऊन रुखमाबाई जीपच्या पुढच्या सीटवर बसल्या. तीच जीप, तेच पाटे, तोच रस्ता. जवळ्याच्या अलीकडे त्यांनी एकदा लिंबू नाकाशी नेलं. बाकी काही झालं नाही. जवळ्याच्या थांब्यावर डोमाजींनी गाडी बाजूला घेतली, बंद केली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. दोघांनाही कळलं होतं. ही जीप तीस वर्षं त्यांच्या दारात उभी राहत होती.

"म्हणजे गाडीचं काही नव्हतंच," डोमाजी म्हणाले.

"थोडं होतं. राखाडीत एवढंबी मळमळलं नाई."

"तरी बी."

रुखमाबाईंनी लिंबू परत पदराला बांधलं.

"ह्या सीटवर तवा तिघं बसत," मग त्या म्हणाल्या. "मी बसली असती त दोघायचं भाडं गेलं असतं, माह्या अंगाकडं पाहून."

डोमाजी हसले नाहीत.

"अन् पोराची फी कोनं भरली? ह्याच सीटीनं भरली ना. मंग मीच बसली होती समजा." आणि तरीही त्यांचे हात स्टिअरिंगवरच आहेत असं पाहून म्हणाल्या, "उगा तोंड पाडू नका बाप्पा. पह्यल्यांदा पुढं बसवलं अन् असं बसून राह्यले. लोक म्हनतीन ड्रायव्हरलेच गाडी लागली."

तेव्हा डोमाजींनी गाडी चालू केली.

त्याच दिवशी त्यांनी धम्मदीपला फोन केला आणि जे होतं ते सांगितलं. आईला समोर बसवलं की कोणतीही गाडी चालते. पांढरी चालेल, निळीही चालेल. "तिच्यासाठी म्हणून राखाडी घेऊ नको," ते म्हणाले. "पैसे तुहे आहे. तुले पाह्यजे ते घे. निळी घेतली त स्टेपनी वेगळी ठेव, एवढंच माहं म्हननं."

धम्मदीपने विचार करतो म्हणून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी तो अंकुरच्या दुकानात गेला, निळीत बसला, इंजिन चालू न करता काही वेळ तसाच बसून राहिला, आणि बाहेर येऊन त्याने राखाडीचा व्यवहार केला. वैष्णवीने विचारलं तेव्हा त्याने हिशेब सांगितला: पांढरीची बिलं, निळीचे टायर, राखाडीचं इंजिन. हिशेब बरोबरच होता. पण आई शेजारी बसलेली असतानाही निळीत एकदा तरी आपण पाय दाबला असता, एवढं त्याला स्वतःबद्दल माहीत होतं, आणि हे त्याने फक्त बापाला सांगितलं.

विजयादशमीच्या आदल्या सकाळी वस्तीतून दोन गाड्या निघाल्या. गोविंदाची जीप भरली होती, म्हणजे मागचं दार लागत नव्हतं. रुखमाबाई पांढरी साडी नेसून राखाडीत पुढे, चालवायला बसलेल्या डोमाजींच्या शेजारी बसल्या. जीपच्या खिडकीतून हंसाबाईने मान काढली.

"काय व रुखमे, साहेबीन झाली काय? समोर बसून चालली?"

"मले मागं लागते व," रुखमाबाई म्हणाल्या. "तू मागं बसते, तुहं पोट लोखंडाचं आहे."

जवळा गेलं, हिवरी गेलं, यवतमाळ गेलं. तिथे रुखमाबाईंच्या माहितीतलं जग संपलं आणि त्या प्रत्येक फाट्याचं नाव विचारू लागल्या. डोमाजी सांगत गेले. कुठे चहा बरा मिळतो, कुठल्या वळणावर एका वर्षी टायर बसला आणि वस्तीतल्या बायांनी तिथेच गाणी म्हटली, हे सगळं बायकोने त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकलं होतं. आता ती जागा समोरून येत होती आणि त्या म्हणत होत्या, "हेच का ते झाड?" धम्मदीप मागे बसून होता. डोकं छताला लागू नये म्हणून मान वाकडी, गुडघे छातीशी, खिडकी लहान, हातात मोबाइल. सुरुवातीला तो त्यांच्या बोलण्यात बोलत होता. देवळीनंतर गप्प झाला.

बुटीबोरीच्या अलीकडे डोमाजींच्या खांद्यावर मागून हात पडला.

असा हात त्यांना ओळखीचा होता. त्यांनी न विचारता गाडी बाजूला घेतली. धम्मदीप दार उघडून धावत गवतापर्यंत गेला. या वेळी पाण्याची बाटली घेऊन शेजारी उभ्या राहिल्या त्या रुखमाबाई. त्यांनी पोराची पाठ चोळली, तोंड धुवायला लावलं, मग पदराची गाठ सोडून लिंबू त्याच्या हातावर ठेवलं.

"घे. नाकाशी धर. अन् तो फोन ठेव खिशात."

धम्मदीप लिंबू हुंगत उभा राहिला. रंग परत यायला वेळ लागला. मग आपल्याच गाडीकडे बघत त्याने विचारलं, "आई, मी बसू का समोर?"

रुखमाबाईंनी डोमाजींना विचारलं, "नागपूर किती राह्यलं?"

"आता आलंच."

"आलंच त बस ना बाबू मागं," रुखमाबाई म्हणाल्या. "खिडकीशी बस. डोळे मिट." आणि पदर सावरून त्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. दार त्यांनी स्वतः ओढून घेतलं. पांढरीसारखा भारी आवाज झाला नाही, पण लागलं ते नीट.